शंभर वॉटचा अ‍ॅम्प धापा का टाकतो? अवघड स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. या भागात आकडे बरेच आहेत, त्यामुळे ऐकून झालं असलं तरी एकदा वाचून घ्या.)

आजचा विषय खूप दिवस मागे पडला होता, कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे. पण गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: “चांगले मोठे स्पीकर मिळालेत, अ‍ॅम्प्लिफायर कोणता घेऊ? किती वॉटचा?” या प्रश्नातला ‘किती वॉटचा’ हा भाग आपल्याला खड्ड्यात घालतो. मी त्या खड्ड्यात पडून आलोय, म्हणून आधी माझी गोष्ट.

माझे मामा सदाशिव पेठेत राहायचे. मुलाकडे कॅनडाला कायमचं जायचं ठरलं तेव्हा त्यांनी घरातलं बरंचसं सामान वाटून टाकलं, आणि त्यांचे दोन टॉवर स्पीकर माझ्या वाट्याला आले. एकेक स्पीकर पंचवीस किलोचा. टेम्पोत गादी घालून आम्ही ते वारज्याला आणले. “जपून वापर रे, याचे पार्ट आता मिळत नाहीत,” एवढंच मामा म्हणाले.

माझ्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर होता. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं: प्रत्येक चॅनलला १०० वॉट. म्हटलं, झालं काम. ‘सैराट’ची गाणी लावली. तुम्हाला माहीत असेल, २०१६ सालच्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी ऑर्केस्ट्रा थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला होता. व्हायोलिनं हळूहळू चढत गेली, सगळा वाद्यवृंद एकदम उसळला, आणि ‘टक्’! रिसीव्हर बंद, समोर लाल दिवा. पुन्हा चालू केला, पुन्हा त्याच जागी टक्.

मग शहाणपणा सुचला. मित्राचा छोटा अ‍ॅम्प आणला. तो बंद पडत नव्हता, म्हणून वाढदिवसाच्या पार्टीत त्याचा आवाज शेवटपर्यंत पिळला. तासाभराने उजव्या स्पीकरचा ट्वीटर गप्प झाला. कॉइल जळली होती. मामा म्हणाले ते खरं निघालं: तसा ट्वीटर आता बनतच नाही. जुना वापरलेला एक शोधून मिळवायला मला चार महिने लागले.

दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, “दोनशे वॉटचा घ्या साहेब, सत्तर हजारांत बसवून देतो.” मी हप्त्यांचा हिशोबही करून ठेवला होता. तेवढ्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका काकांकडे रिसीव्हर तपासायला नेला. त्यांनी तो उघडलाही नाही.

“स्पीकर किती ओहमचे आहेत?”

“चार.”

“आणि या रिसीव्हरच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाच.”

लिहिलं होतं: ६ ते १६ ओहम.

“मग त्याला कशाला शिव्या देतोस? त्याने आधीच सांगितलं होतं, मला हे झेपणार नाही म्हणून.”

आजचा सगळा भाग या एका वाक्याचा विस्तार आहे.

ओहम म्हणजे नळाचं तोंड

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. हा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून प्रत्यक्ष वाहणारं पाणी म्हणजे करंट. आणि नळाचं तोंड किती अरुंद आहे, ते म्हणजे ओहम. ओहम जास्त, तर तोंड अरुंद आणि पाणी कमी. ओहम निम्मे झाले, तर त्याच दाबाला दुप्पट पाणी वाहणार.

अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला दाब पुरवतो. करंट किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. ८ ओहमचा स्पीकर असेल तर २० व्होल्टला अडीच अँपिअर. ४ ओहमचा असेल तर ५ अँपिअर. स्पीकर ओढतो तेवढा करंट देण्याची ताकद अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमध्ये आणि ट्रान्झिस्टरमध्ये नसेल, तर दोनच गोष्टी होतात: अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा आवाजाचं डोकं छाटलं जातं. या छाटण्याला म्हणतात क्लिपिंग.

आता यातली गंमत. स्पीकरच्या पाठीवर ‘४ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं, तो नुसता अंदाजे आकडा. खरे ओहम सुरागणिक बदलतात. खर्जात एक, मधल्या पट्टीत दुसरे, तार सप्तकात तिसरे. म्हणून त्याला साधा रेझिस्टन्स न म्हणता इम्पीडन्स म्हणतात. पाठीवर ‘४’ लिहिलेला स्पीकर एखाद्या पट्ट्यात ३ पर्यंत खाली जातो, काही तर त्याहूनही खाली. जुन्या काळातले अपोजी कंपनीचे सिंटिला हे रिबन स्पीकर तर १ ओहमपर्यंत जाण्यासाठी कुप्रसिद्ध होते. भले भले अ‍ॅम्प त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे.

यात आणखी एक भानगड आहे, तिला फेज म्हणतात. स्पीकरमध्ये कॉइल आहेत, कपॅसिटर आहेत. त्यामुळे व्होल्टेज आणि करंट हातात हात घालून चालत नाहीत. एक पुढे, एक मागे. असं झालं की अ‍ॅम्पच्या ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज जास्त असतानाच त्यातून करंटही जास्त वाहतो, आणि तो तापतो. नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्पचा हिशोब मांडला तर असं दिसतं की ४ ओहम आणि ४५ अंशाचा फेज असेल, तर ट्रान्झिस्टरवरचा ताण साधारण १.४ ओहमच्या सरळ लोडइतका होतो. माझा रिसीव्हर नेमका अशाच जागी ‘टक्’ करत होता.

दुसरा आकडा: सेन्सिटिव्हिटी

ओहमइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले आणि एक मीटरवर मोजलं, तर किती डेसिबल आवाज येतो, हे तो सांगतो. २.८३ हा विचित्र आकडा का? कारण ८ ओहमला तो बरोबर १ वॉट होतो. पण लक्षात घ्या, ४ ओहमला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी कागदावर आहे त्याहून बरी दिसते.

डेसिबलचे दोनच नियम पाठ करा. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात. १० डेसिबल वाढवायला दहापट. आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला साधारण ‘दुप्पट मोठा आवाज’ वाटते. म्हणजे कानाला दुप्पट वाटण्यासाठी अ‍ॅम्पने दहापट काम करायचं.

एक उदाहरण सोडवू. आपला नेहमीचा फ्लॅटमधला हॉल, सोफ्यापासून स्पीकर ३ मीटर लांब. अंतरामुळे आवाज कमी होतो, पण स्पीकर दोन असतात आणि भिंतींवरून आवाज परत येतो. सगळं धरून सोफ्यावर साधारण ४ डेसिबल कमी पोचतो असं मानू.

आपण ऐकतो सरासरी ७८ डेसिबलने. हा बऱ्यापैकी मोठा आवाज झाला, शेजारचे बेल वाजवतील न वाजवतील असा. पण चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप, ड्रमचा ठोका किंवा ऑर्केस्ट्राची उसळी सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जाते. आपण १८ धरू. म्हणजे उसळीला ९६ डेसिबल हवेत.

पहिला स्पीकर ९० डेसिबलचा आणि ८ ओहमचा. १ वॉटला सोफ्यावर ८६ डेसिबल. ९६ साठी आणखी १० हवेत, म्हणजे दहापट: १० वॉट. झालं! एवढ्यात काम होतं.

दुसरा स्पीकर ८४ डेसिबलचा आणि ४ ओहमचा. २ वॉटला सोफ्यावर ८० डेसिबल. आणखी १६ हवेत, म्हणजे चाळीसपट: ८० वॉट. आणि जिथे तो ३ ओहमपर्यंत खाली जातो, तिथे १०० च्या वर.

तोच हॉल, तेच गाणं, तोच आवाज. एकाला १० वॉट, दुसऱ्याला ८०. ‘अवघड स्पीकर’ म्हणतात तो हा. आता याच अवघड स्पीकरला त्या ७८ डेसिबलच्या सरासरीला किती लागतात माहितीये? सव्वा वॉट. बहुतेक वेळ अ‍ॅम्प सव्वा वॉटवर निवांत असतो, आणि एखाद्या क्षणी त्याला ऐंशीची उडी मारायची असते. ती उडी जमते की नाही, यावरच सगळा खेळ.

एक स्पष्ट करतो: अवघड म्हणजे चांगला, असं काही नाही, आणि वाईट असंही नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बघा. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ च्या आसपास, म्हणजे आळशी. पण इम्पीडन्स मूळचा १५ ओहम, त्यामुळे करंट फारसा ओढत नाही. म्हणजे एक स्पीकर व्होल्ट मागतो, दुसरा करंट मागतो, आणि काही दोन्ही मागतात. आपल्याकडचा कोणत्या जातीचा आहे, ते आधी ओळखायचं.

पुण्यातच बनलेला अवघड स्पीकर

हे सगळं परदेशातलं प्रकरण वाटत असेल तर थांबा. आपल्या पुण्यातच कॅडेन्स नावाच्या कंपनीने इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेलचे स्पीकर बनवले आणि ते परदेशातही गेले. खर्जाला नेहमीचा वूफर, आणि वरच्या सुरांना पातळ पडदा असलेलं इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल, अशी ती रचना. या कंपनीने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायरही बनवले, कारण असं पॅनेल बनवणाऱ्याला अ‍ॅम्पचा विचार करावाच लागतो.

का, ते सांगतो. इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल म्हणजे विजेच्या भाषेत मोठा कपॅसिटर. कपॅसिटरचा गुण असा, की सूर जितका वरचा तितका इम्पीडन्स कमी. नेहमीचा टॉवर स्पीकर खर्जात छळतो, तर इलेक्ट्रोस्टॅटिक वरच्या टोकाला छळतो. याचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडचा क्वाड ईएसएल, १९५७ सालचा. त्याचा इम्पीडन्स वरच्या टोकाला २ ओहमच्या आसपास घसरतो. तरी तो कशावर वाजायचा? क्वाडच्याच १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर! पुढे लोकांनी त्याला मोठे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जोडले आणि कित्येकांची पॅनेल ठिणग्या उडून निकामी झाली. त्या स्पीकरला जोडीदार नेमका हवा होता, जास्त वॉटची त्याला गरजच नव्हती.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

दुकानात गेलात किंवा फोनवर जाहिरात दिसली, की ‘१००’ या आकड्याला चार प्रश्न विचारायचे.

पहिला: किती ओहमला? ६ किंवा ४ ओहमला मोजलेला आकडा ८ ओहमपेक्षा मोठा दिसतो.

दुसरा: किती विकृतीला? १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलं तर आकडा १ टक्क्याच्या मानाने साधारण पाव हिश्शाने फुगतो. आणि १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेलाच.

तिसरा: किती चॅनल एकदम चालू होते? बऱ्याच रिसीव्हरचा आकडा एकच चॅनल चालवून, एकाच सुरावर मोजलेला असतो. आपल्याला दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, असा आकडा हवा.

चौथा आणि सगळ्यात कामाचा: ८ ओहमला किती आणि ४ ओहमला किती? ८ ला ५० आणि ४ ला ९० असेल, तर पॉवर सप्लायमध्ये दम आहे. ८ ला १०० आणि ४ ला ११० असेल, तर तो अ‍ॅम्प करंटला कच्चा. आणि ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल, तर समजून जा.

काही रिसीव्हरच्या मागे किंवा मेन्यूमध्ये ‘४ ओहम’ असा एक स्विच असतो. तो दाबला की अ‍ॅम्पला नवी ताकद येते असा समज आहे. बहुतेकदा तो आतला व्होल्टेज कमी करतो, म्हणजे अ‍ॅम्प कमी तापावा. सुरक्षित होतं, पण उडी मारण्याची ताकद आणखी घटते.

आणि हल्ली मिळणारे डबीएवढे क्लास डी अ‍ॅम्प! त्यातले काही खरोखर छान आहेत, पण जाहिरातीत ‘३०० + ३०० वॉट’ आणि सोबत ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. गुणाकार करा: १६० वॉट. दोन्ही चॅनल मिळून. १६० मधून सतत ६०० कुठून निघणार? घरचा हिशोब आणि अ‍ॅम्पचा हिशोब सारखाच, पगारापेक्षा जास्त खर्च फार वेळ चालत नाही.

क्लास ए, एबी, डी की व्हॉल्व्ह?

यावरून लोक भांडतात. अवघड स्पीकरपुरतं बोलू.

क्लास एबी हा नेहमीचा प्रकार. मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठी हीटसिंक असेल तर अवघड स्पीकरला चांगला. हा उचलून बघायचा. वजन लागलं पाहिजे.

क्लास ए गोड वाजतो असं म्हणतात, पण तो काही न वाजवताही तापत असतो. २५ + २५ वॉटचा क्लास ए सतत किमान १०० वॉट वीज खातो, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. एप्रिल-मे महिन्यात पुण्यातल्या हॉलमध्ये हा पाहुणा परवडतो का, ते बघा. शोकेसच्या बंद कप्प्यात तर मुळीच ठेवू नका.

क्लास डी कमी तापतो, आणि फेजचा ताणही तो एबीपेक्षा सहज पचवतो. फक्त एक बघा: जुन्या किंवा स्वस्त डिझाइनमध्ये वरच्या सुरांचा तोल स्पीकरच्या ओहमप्रमाणे बदलतो. हायपेक्स, प्युरिफायसारख्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक आउटपुट फिल्टरच्या पुढून घेतला असल्यामुळे ही अडचण जवळपास राहत नाही. इथे वजनाचा नियम लागू नाही, पॉवर सप्लायचा आकडा बघायचा.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो. ज्या स्पीकरचे ओहम खूप वरखाली होतात, त्याच्यावर व्हॉल्व्ह अ‍ॅम्प सुरांचा तोल बदलतो. कोणाला ते आवडतं, कोणाला नाही. मात्र ८४ डेसिबल, ४ ओहमच्या टॉवरला छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प जोडू नका.

मल्टिमीटरची परीक्षा

आता मूळ मुद्दा. तुम्हाला किती लागतं, हे कोणत्याही दुकानदाराला माहीत नसतं, कारण तुम्ही किती मोठ्याने ऐकता हे त्याला माहीत नाही. ते मोजता येतं. साधा मल्टिमीटर तपकीर गल्लीत सहज मिळतो.

१. फोनमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन आणि इक्वलायझर बंद करा. तुमचं आवडतं, चढउतार असलेलं गाणं लावा आणि ‘यापेक्षा मोठं मी कधीच ऐकत नाही’ इथपर्यंत आवाज वाढवा. आता व्हॉल्यूमला हात लावायचा नाही.

२. गाणं थांबवा, अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा. दोन वायरी एकमेकींना चिकटू देऊ नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर ही परीक्षा करूच नका. बिनास्पीकरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

३. १२० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबल पातळीचा टेस्ट टोन डाउनलोड करा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलला लावा, अ‍ॅम्प चालू करा आणि टोन वाजवा.

४. आलेल्या आकड्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये चारपट. हे झालं तुमच्या गाण्याच्या सगळ्यात मोठ्या उसळीला लागणारं व्होल्टेज.

५. त्याचा वर्ग करा आणि ओहमने भागा. झाले वॉट.

माझा आकडा आला ३.४ व्होल्ट. गुणिले ४, म्हणजे १३.६. वर्ग १८५. ८ ओहमने भागलं तर २३ वॉट, ४ ओहमने ४६, आणि माझा स्पीकर जिथे ३ ओहमवर येतो तिथे ६२ वॉट, साडेचार अँपिअर.

बघा म्हणजे! ज्या व्होल्टेजला मी ऐकत होतो, ते ८ ओहमला फक्त २३ वॉटचं व्होल्टेज. १०० वॉटच्या रिसीव्हरकडे ते भरपूर होतं. कमी पडत होता करंट. दोनशे वॉटचा, पण ४ ओहमला कच्चा अ‍ॅम्प मी सत्तर हजार देऊन घेतला असता, तर तोही कदाचित त्याच व्हायोलिनच्या जागी ‘टक्’ म्हणाला असता.

पार्टीत ट्वीटर का जळला, तेही आता कळतं. छोटा अ‍ॅम्प क्लिप होत होता. उसळ्यांची डोकी छाटली की आवाजाची सरासरी वर चढते, आणि वर नसलेले तीव्र सूर तयार होतात. तो सगळा भार नाजूक ट्वीटरवर येतो. कमी ताकदीचा अ‍ॅम्प स्पीकरला सुरक्षित असतो, हा समज डोक्यातून काढून टाका. पिळलेला छोटा अ‍ॅम्प बऱ्याचदा निवांत चालणाऱ्या मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा धोक्याचा.

मग मी काय घेतलं

आलेल्या आकड्याला दुप्पट केलं, म्हणजे ३ डेसिबलची मोकळीक. ८ ओहमला ५०, ४ ओहमला ९०, आणि ४ ओहम चालतं असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला, वापरलेला स्टिरिओ अ‍ॅम्प घेतला. बावीस हजारांत. हप्ते नाहीत.

वापरलेला घेणार असाल, मग तो ओळखीतून असो की रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारातून, तर मल्टिमीटर सोबत न्या. अ‍ॅम्प चालू करून, काही न वाजवता, स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर सोडून द्या किंवा दुरुस्तीचा खर्च धरा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावा: गुणगुण मोठी येत असेल तर कपॅसिटर म्हातारे झालेत. आणि अर्धा तास वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका. तापल्यावरच खरा स्वभाव कळतो, अ‍ॅम्पचाही.

वायरीवर पैसे उधळू नका. ५ मीटरपर्यंत घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरते. जाऊन-येऊन १० मीटरला तिचा रेझिस्टन्स ०.०७ ओहम. ४ ओहमपुढे तो किस झाड की पत्ती!

तुमचे तीन प्रश्न

*स्पीकरवर १५० वॉट लिहिलंय, मग अ‍ॅम्प १५० चाच हवा का?* नाही. तो आकडा म्हणजे स्पीकर किती सहन करतो त्याची मर्यादा. गाडीच्या मीटरवर १६० असतं म्हणून आपण कर्वे रोडवर १६० ने जात नाही.

*दोन चॅनल ब्रिज करून ताकद वाढवू का?* ४ ओहमच्या स्पीकरला नको. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला निम्मे ओहम दिसतात, म्हणजे २. जे दुखणं होतं, तेच दुप्पट.

*नवा अ‍ॅम्प घ्यायला पैसेच नाहीत, रिसीव्हरवरच भागवायचंय.* मग स्वतःच्या अ‍ॅम्पचा एक सबवूफर जोडा, रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि ८० हर्ट्झवर कट ठेवा. खर्जाचं ओझं सबवूफर उचलेल, रिसीव्हरचा श्वास मोकळा होईल. मात्र स्पीकर ८० हर्ट्झच्या वर ३ ओहमवर येत असेल, तर याचा उपयोग मर्यादित. आणि रिसीव्हरच्या पाठीवर ६ ओहम लिहिलं असेल तर आवाज बेताचाच ठेवा.

दिवाळीत मामा आले होते. सोफ्यावर बसले, रिमोट मागून घेतला आणि मी कधी लावत नाही तेवढ्या आवाजात त्यांनी भीमसेनजी लावले. मी गाणं ऐकतच नव्हतो, लाल दिव्याकडे बघत होतो. दिवा काही लागला नाही. उजवा ट्वीटर बदललेला आहे, हे मी त्यांना गाणं संपल्यावर सांगितलं. ते म्हणाले, “मला कळलं होतं. चालेल.”

तर मंडळी, आजचा गृहपाठ: घरी गेलात की अ‍ॅम्पच्या जाहिराती बघण्याआधी स्पीकर भिंतीपासून ओढा, फिरवा आणि त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. मग अ‍ॅम्पच्या पाठीवर काय लिहिलंय ते. निम्मे निर्णय तिथेच होतात. पुढच्या भागात बोलू खोलीबद्दल: पडदे, गालिचा, आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबल्यावर खर्ज का घुमतो. तोपर्यंत ऐकत राहा, आणि व्हॉल्यूम जरा बेतानं!